परसबागेची राखण : आधी ओळखा, येते कोण



कोकणात भात घरात आले की मागल्या दारी परसबागेला हात लागतो. मोरीच्या पाण्यावर अळू, मांडवावर दुधी, वाफ्यात मुळा, माठ, वांगी, कोपऱ्यात सुरण. पण हल्ली पुष्कळ घरांतून ऐकू येते, "लावून काय करू? रानातली जनावरे ठेवतील तेव्हा ना!" तक्रार खरी आहे. तरीही गुंठा-दोन गुंठ्यांची राखण होऊ शकते. मात्र डुकराचा उपाय माकडाला चालत नाही, म्हणून आधी चोर ओळखा.

सकाळी उठून जमीन बघा. वाफा नांगरल्यासारखा उलथलेला आणि दुभंगलेल्या खुरांचे ठसे दिसले, तर रानडुक्कर. कंद तर ते खातेच, पण मातीतल्या गांडुळांसाठी आणि हुमणीसाठीही उकरते. उकरलेला खड्डा लहान, कंद कुरतडलेला, माडाच्या रोपाचा बुंधा सोललेला आणि जवळपास काळा-पांढरा काटा पडलेला असेल, तर साळिंदर. ही दोन्ही रात्रीची. दिवसाढवळ्या फळे अर्धवट चावून टाकलेली असतील तर माकडे, हे सांगायला नकोच.

डुक्कर आणि साळिंदर बहुधा खालून घुसतात. त्यामुळे कुंपण सहा फूट उंच आणि खाली वीतभर फट, असे असेल तर पैसे फुकट गेले. चिऱ्यांचा गडगा सर्वांत चांगला. ढासळलेला चिरा मात्र त्याच दिवशी बसवा, कारण एकदा सापडलेली वाट डुक्कर सोडत नाही. तारेची जाळी लावणार असाल तर खालची कड फूटभर जमिनीत गाडा आणि बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. उकरणाऱ्याच्या पायाखाली जाळीच येते.

किनाऱ्यावरच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी बांधतात. स्वस्त आणि बरी. पण जमिनीवर लोळणाऱ्या जाळ्यात धामण अडकून मरते, आणि उंदीर खाणारी धामण आपल्याच उपयोगाची. म्हणून जाळे ताणून बांधा आणि रोज सकाळी बघा.

माकडांना कुंपण अडवीत नाही. बागेवर झुकलेल्या फांद्या आधी छाटा, मांडवावर वरूनही जाळी टाका, आणि उघड्यावर हळद, आले, मिरची अशी पिके घ्या. त्यांना माकडे सहसा हात लावीत नाहीत. बुजगावणे, जुन्या साड्या, डबे यांचा धाक चार-आठ दिवस टिकतो. जागा बदलत राहिलात तर थोडा जास्त. जागते माणूस आणि भुंकणारा कुत्रा यांना तोड नाही.

आता जे करू नये ते. मीटरवरून तार ओढून कुंपणात करंट सोडू नका. "रात्री लावतो, पहाटे काढतो" असे म्हणणाऱ्याच्याच घरातले कोणी अंधारात परसात जाते. शेजारचे पोर जाते, गाय जाते. घरच्या विजेचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो, धरलेला हात सुटत नाही. जीव जातो, आणि लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचे यंत्र वेगळे. त्याचा झटका क्षणाचा काही अंश टिकतो, मग साधारण सेकंदभर थांबतो, म्हणून जनावर मागे सरते. यंत्र प्रमाणित घ्या, तारेला गवत टेकू देऊ नका, आणि उन्हाळ्यात अर्थिंगपाशी पाणी ओता. कोरड्या जमिनीत झटका बसत नाही. एका परसाला हा खर्च जड जातो. चार-पाच घरांनी मिळून करावा.

दुसरे, फोरेटच्या पुड्या कुंपणाला टांगू नका. ज्या वाफ्यातली भाजी संध्याकाळी ताटात येते, तिथे हे विष कशाला? केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने फोरेटची विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदच आहे. फासे आणि गावठी बॉम्बही नकोत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि विनापरवानगी शिकार त्याखाली गुन्हा ठरते.

शेतातल्या पिकाचे नुकसान झाले असेल तर वन विभागाकडून भरपाई मागता येते. तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, सातबारा सोबत ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक जागेवरून हलवू नका.