शंखात संसार मांडणारे सिक्लिड

मूळ घर : पूर्व आफ्रिकेतले टांगानिका सरोवर. कमाल खोली सुमारे १,४७० मीटर. बैकलनंतर जगात दुसरे. किनारा टांझानिया, काँगो, बुरुंडी, झांबियात.

मासा : निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशिएटस; शौकिनांचा ‘मल्टी’. नर जेमतेम ४–५ सेंमी, मादी त्याहून लहान. तळाशी साचलेल्या निओथॉमा गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत वसाहती. अंडीही तिथेच. पिल्ले मोठी झाली तरी वसाहतीतच राहू शकतात.

टाकी : छोट्या गटाला ४०–६० लिटर. माशांपेक्षा शंख जास्त हवेत. बारीक वाळूचा जाड थर. मासे ती तोंडाने उपसतात, त्यामुळे रोपे उखडतात. पाणी जड, सामू ८–९, तापमान २४–२७ अंश सेल्सिअस.

म्बुना वेगळे : हेही सिक्लिडच, पण मलावी सरोवरातले, खडकांत राहणारे, भांडखोर. मादी अंडी तोंडात सांभाळते. छोट्या टाकीत मावत नाहीत.