गाळा, वहाळ आणि सही

मुंबईतील मोठ्या व्यापारी इमारतींचे वास्तुविशारद आपल्याला नावानिशी माहीत असतात. मुंबई सेंट्रल स्थानक (१९३०) म्हटले की क्लॉड बॅटली आणि त्यांची ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ ही फर्म आठवते. फोर्टमधील न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत म्हटली की ‘मास्टर, साठे अँड भुता’. कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारपेठेत एखाद्या तीन मजली इमारतीपुढे उभे राहून ‘ही कोणी केली?’ असे विचारले, तर उत्तरात बिल्डरचे नाव येते. ज्याने ती कागदावर उभी केली त्याची सही मंजूर नकाशाच्या कोपऱ्यात असते, आणि नकाशा कपाटात. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे चालत आलेली अशी कार्यालये नेमके काय करतात? दर्शनी भागाची सजावट हे त्यांचे सर्वांत कमी महत्त्वाचे काम असते, असे माझे मत आहे.

आधी पाणी. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले आहेत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. एकाचे पाणी मुख्यतः उल्हास नदीला, दुसऱ्याचे पाताळगंगेला. घाटमाथ्यावरची तळी अडवून टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये वीजगृहे सुरू केली. ती या टापूतल्या पहिल्या मोठ्या व्यावसायिक इमारतींपैकी होत. त्यांतून सुटलेल्या पाण्यामुळेच या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. नदी कुठे आहे याबद्दल कोणाची फसगत होत नाही. फसगत होते ती वहाळांची. वहाळ आठ महिने कोरडा. सातबाऱ्यावर तो दिसत नाही, गावनकाशावर दिसतो. जमीन विकणाऱ्याला तो नको असतो, घेणाऱ्यालाही नको असतो, आणि भरावाचे चार डंपर पडले की डोळ्यांनाही दिसेनासा होतो. पावसाला मात्र तो पाठ असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले, ते ठिकाण कर्जतच्या खालच्याच अंगाला आहे.

व्यापारी इमारतीत या पाण्याचा पेच घरापेक्षा अवघड होतो. घराचे जोते हवे तेवढे उचलता येते. दुकानाचे नाही, पाच पायऱ्या चढून साबण घ्यायला कोणी येत नाही. गाळ्याला जोते खाली हवे, पावसाला वर हवे. जुन्या पेठेने यावर उंच ओटा, पुढे पडवी आणि भरपूर बाहेर काढलेली कौलांची पागोळी असे उत्तर शोधले होते. ओट्यावरच माल मांडला जाई, गिऱ्हाईक ओट्याशी उभे राही. काचेच्या शटरबंद गाळ्यात ही सोय उरली नाही. त्यात रस्ता दर डांबरीकरणाला थोडाथोडा चढतो. पंधरा वर्षांत ओट्याचा उंबरठा होतो आणि उंबरठ्याचा खड्डा. जाणते कार्यालय म्हणून आजची रस्त्याची पातळी मोजून थांबत नाही, शेजारच्या जुन्या इमारतीच्या वेळी ती किती होती हे आपल्याच जुन्या नकाशावरून काढते, आणि पुढच्या चढीचा अंदाज बांधून गाळ्यापुढे उताराची फरसबंदी, आडवी जाळीची गटार आणि मागे पाणी सोडायला वाट ठेवते. जोते उचलताना आपले पाणी शेजाऱ्याच्या गाळ्यात जाते का, हाही हिशेब असतो. बिल्डरला यातले काहीच विकता येत नाही. जाहिरातीत गटार कोण दाखवणार?

दुसरे काम कागदाचे. राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, आणि सगळीकडे एकच नियम झाला असा समज पसरला. पण याच नियमावलीने काही क्षेत्रे बाहेर ठेवली आहेत: एमआयडीसीची क्षेत्रे, ‘नैना’, गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे. आता आपला नकाशा पाहा. माथेरान आणि भोवतालचा पट्टा ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने संवेदनशील क्षेत्रात. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ मध्ये ‘नैना’ आखली तेव्हा खालापुरातली बरीच आणि कर्जतमधली थोडी गावे तीत आली. त्यांतली काही पुढे रस्ते विकास महामंडळाकडे गेली. पाताळगंगेकाठी औद्योगिक क्षेत्र. उरलेल्या ठिकाणी कुठे नगरपरिषद, कुठे जिल्हाधिकारी. दोन गावांच्या शिवेवर पाय ठेवला की चटई क्षेत्र बदलते, परवानगी देणारा बदलतो. त्याआधी पाहायचा तो सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना. इथे ठाकर आणि कातकरी वस्ती मोठी आहे, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासींची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. या रकान्याकडे काणाडोळा करून काढलेला नकाशा कितीही देखणा असला तरी तो कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन काढलेला असतो.

तिसरी गोष्ट सहीची, आणि तिची किंमत रुपयांत मोजता येते. रेरा कायद्यानुसार गाळेखरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. बिल्डरला ते काढायचे तर काम किती झाले याचा दाखला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांनी द्यायचा. म्हणजे स्लॅब पडला नसताना ‘पडला’ अशी सही झाली तर खोपोलीतल्या एखाद्या शिक्षकाची पुंजी त्या दिवशी खात्यातून बाहेर पडते. कायद्याच्या व्याख्येत ‘सदनिका’ म्हणजे दुकान, कार्यालय, गोदामही येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गळती किंवा बांधकामातील दोष ताब्यानंतर पाच वर्षांत निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. पाच वर्षे म्हणजे आपल्याकडे पाच पावसाळे. गच्चीची परीक्षा व्हायला पुरेसे.

पण ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत युनिट असलेला प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतो. बाजारपेठेतल्या चिंचोळ्या जागेवरच्या इमारती बहुधा इतक्याच असतात. तिथे स्वतंत्र खाते नाही, दाखलाही नाही. उरतो तो मंजूर नकाशा आणि शेवटचे भोगवटा प्रमाणपत्र. नकाशावर सही करणारा दर वेळी वास्तुविशारदच असतो असेही नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवली, इमारत आखण्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परवानाधारक अभियंत्यांनी कितीतरी चांगली कामे केली आहेत, तेव्हा मला या निकालाचे दुःख नाही. प्रश्न पदवीचा नसून, सही करणारा पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्याने जाणार आहे की नाही, हा आहे. मुंबईहून नकाशा पाठवणाऱ्या कार्यालयाला भर पावसात गाळेवाला गाठू शकत नाही. गावातल्याला गाठतो, तोही चहाच्या टपरीवर, चारचौघांत.

या टापूत बांधकामाची लाट नेहमी वाहतुकीमागून आली आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग सुरू होईपर्यंत पुण्याकडे जाणारा प्रवासी इथे उतरून घाट चढत असे. घाटमार्ग खुला झाला आणि हे उतरणे संपले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खालापूरच्या नाक्याला पुन्हा भाव आणला. आता पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक ही स्थानके येत आहेत. स्थानकाबाहेरची पहिली दुकाने जिथे उभी राहतात ती शिवारे अजून भातखाचरांची आहेत. खाचराचे बांध पाणी कुठून कुठे जाते हे दाखवतात. भराव पडला की ते प्रथम जातात. त्या जमिनीची भरावाआधीची पातळी आता फक्त मोजणीच्या कागदांवर आणि जुन्या कार्यालयांतल्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्यांत राहील. कार्यालय बंद होते, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागतो, जागा रिकामी करताना या गुंडाळ्या वजनावर रद्दीत जातात.