दाढीवाल्या सरड्याचं घर: आधी ऊन, मग पेटी

मी नवलाख उंबरे परिसरातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तो तुमच्याकडूनच आला आहे. मुलं मोबाइलवर ‘बिअर्डेड ड्रॅगन’ नावाचा पाळीव सरडा बघतात आणि घरी हट्ट धरतात. पेटी आणली की झालं, असं त्यांना वाटतं. म्हणून ती पेटी नेमकी कशी असावी लागते आणि तिच्यामागे घरातल्या बाईचं किती काम असतं, ते आज नीट समजून घेऊ.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या, रखरखीत भागातला. चिडला किंवा घाबरला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून ‘दाढीवाला’. शेपटीसह दीड ते दोन फूट वाढतो. नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. स्वभावाने शांत असतो, म्हणून जगभर लोक पाळतात.

मुलांना एक गोष्ट आधीच बजावा. हा सरडा वेगळा आणि आपल्या रानातली घोरपड वेगळी. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. ती धरणं, मारणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बांधावरचा साधा सरडाही धरून डब्यात घालू नये. तो रानातच बरा.

आता कागदांचं. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणून घेण्याआधी वनविभागाला विचारा. त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे. दुकानदाराकडून पक्की पावती आणि प्राणी कुठून आला याचा कागद घ्या. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानालाही २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. ती दाखवत नसेल, तर त्या दुकानाची पायरी उतरा.

आता पेटीकडे वळू. पूर्ण वाढलेल्या एका सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा लागते. आपल्या घरातल्या लोखंडी ट्रंकेपेक्षा मोठीच म्हणा. समोर काच, बाकी बाजू प्लायवूडच्या, आणि वर किंवा बाजूला हवा खेळण्यासाठी जाळी. आतून गुळगुळीत असावी, म्हणजे पुसता येते. एका पेटीत एकच सरडा ठेवायचा. दोन ठेवले तर भांडतात, एकमेकांची बोटं आणि शेपट्या तोडतात.

पेटी ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात नको, फोडणीचा धूर वाईट. खिडकीच्या कडक उन्हात नको, काचेची पेटी भट्टीसारखी तापते. भिंतीला चिकटवूनही नको, कारण आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. टेबलावर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊब. सरड्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार होत नाही. तो उन्हात बसून अंग तापवतो आणि तापलं की सावलीत जातो. म्हणून पेटीला दोन टोकं हवीत, एक गरम आणि एक गार. तुमच्यापैकी ज्यांनी कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणून बल्बखाली वाढवली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. पिल्लांना थंडी वाजली की ती बल्बखाली गोळा होतात, उकडलं की लांब पांगतात. सरड्यालाही तशीच निवड करता आली पाहिजे.

गरम टोकाला वर बल्ब आणि खाली सपाट दगड किंवा जाड फांदी. त्या दगडावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापमान असावं, म्हणजे भरपूर ताप चढलेल्या माणसाच्या अंगाएवढं. गार टोकाला २४ ते २८ अंश पुरे. रात्री दिवे बंद. पण थंडीच्या दिवसांत पेटीतलं तापमान १८ अंशांच्या खाली जात असेल, तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा. अंदाजाने चालत नाही. दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर हवा. बल्बला जाळीचं आवरण हवं, नाहीतर चढून चटका बसतो. आतून तापणारे विजेचे दगड मिळतात, ते घेऊच नका. पोट भाजलं तरी सरडा उठत नाही.

दुसरा दिवा लागतो तो अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीबीची नळी. दुकानातली साधी ट्यूबलाइट तिची जागा घेऊ शकत नाही. कोवळ्या उन्हामुळे बाळाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, हे आशाताई आपल्याला सांगतात. ते कमी पडलं तर बाळाला मुडदूस होतो. सरड्याचंही तसंच. ही नळी नसेल तर त्याची हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकडे होतात, अंग थरथरतं. काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून बंद खिडकीतल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. नळी जाळीच्या आत लावा आणि पाकिटावर लिहिलेलं अंतर पाळा. उजेड दिसत असला तरी काही महिन्यांनी किरण कमी होतात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात नळी बदलावी लागते. दोन्ही दिवे रोज साधारण बारा तास चालू ठेवायचे.

खाली वाळू नको. लहान सरडा ती गिळतो आणि पोटात गच्च बसते. वर्तमानपत्र किंवा खरबरीत फरशी चांगली. गार टोकाला लपायला एक आडोसा ठेवा, मातीचं आडवं मडकं चालतं. पाण्याची वाटी पसरट आणि उथळ असावी.

आता आपल्या मावळची अडचण. हा कोरड्या मुलखातला जीव. पेटीतली दमट हवा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असावी असं सांगतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत त्याला छातीचा विकार होऊ शकतो. तोंडातून फेस येणं, श्वास घेताना आवाज येणं ही त्याची लक्षणं. म्हणून पावसाळ्यात पाण्याची वाटी दिवसभर आत न ठेवता थोडा वेळच ठेवा, ओला कागद लगेच बदला, जाळी झाकू नका.

खाण्याचं सांगते. पिल्लाला रोज किडे लागतात. मोठ्याला रोज पालाभाजी आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. लाल भोपळा किसून, भेंडी बारीक कापून, जास्वंदीचं फूल हे चालतं. पालक रोज नको, त्याने कॅल्शियम अंगी लागत नाही. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. भाताच्या खाचरातले किडे औषध मारलेले असू शकतात, ते नको. घरातली झुरळंही नको. आणि राजमाचीच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडं लखलखतात ना, तो काजवा तर चुकूनही नको. एक काजवा पोटात गेला तरी हा सरडा मरू शकतो.

विजेचा हिशोब आपण गटात करतो तसा करू. शंभर वॅटचा बल्ब आणि पंचवीस वॅटची नळी, मिळून १२५ वॅट. बारा तासांचं दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावून गुणा, मग बारा महिन्यांनी गुणा. वर नवी नळी, किडे, डॉक्टर. वीज गेली तर पेटीवर घोंगडी टाका, हवेला थोडी फट ठेवा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा. ऊब परत येईपर्यंत खायला देऊ नका, गार अंगात अन्न पचत नाही.

एक आरोग्याची गोष्ट. अशा प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने माणसाला जुलाब आणि ताप येतो. सरड्याला हात लावला की साबणाने हात धुवा. त्याची भांडी आपल्या मोरीत, आपल्या भांड्यांबरोबर धुवू नका. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल, तर हा प्राणी आणूच नये.

कोणी म्हणेल, जोडी घ्या, अंडी उबवा, पिल्लं विका, गटाला धंदा होईल. प्रजननाचे आणि विक्रीचे नियम वेगळे असतात. वनविभागाचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत गटाचा एक रुपयाही त्यात घालू नका, अंतर्गत कर्जसुद्धा देऊ नका.

आणि मैत्रिणींनो, काम कोणाचं? आज हट्ट धरणारा बारा वर्षांचा मुलगा सरडा म्हातारा होईल तेव्हा बावीसचा असेल, शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेला. मग पाला चिरणं, कागद बदलणं, दिवा बघणं कोणाकडे येईल, हे मी सांगायला नको. कंटाळा आला म्हणून त्याला डोंगरात सोडता येत नाही. पावसात तो मरेल, किंवा रोग पसरवेल.

म्हणून माझा सल्ला सोपा आहे. मुलाला सांगा, आधी पेटी तयार कर. दिवे लाव आणि ती रिकामी पेटी भर पावसाळ्यात एक महिना चालव. सकाळ-संध्याकाळ दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिही, वीजबिल बघ. महिनाभर नोंद नीट झाली, आकडे जमले, सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर पुण्यात शोधून ठेवला, तरच पुढे बोलू. आणि नाही जमलं, तर एका रविवारी मुलांना कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात घेऊन जा. तिथलं सर्पोद्यान दाखवा. मुलांची हौस भागेल आणि कोणत्याही मुक्या जीवाचे हाल होणार नाहीत.

पुढच्या बैठकीत तुमचे प्रश्न घेऊन या.