कावीळ झाल्यावर एमआरसीपी कशासाठी? पित्तनलिकेतली गाठ मशीनला अशी दिसते

घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की आजही पहिला सल्ला येतो, "कावीळ उतरवून घ्या." गळ्यात माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. व्हायरल कावीळ बऱ्याचदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. पण लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका आणि अंगाला सतत खाज असं सगळं एकत्र दिसलं, तर लिव्हरमधलं पित्त आतड्यापर्यंत पोचत नसण्याची शक्यता असते. वाटेत एखादा खडा असेल, नाहीतर गाठ. माळेच्या नादात महिना गेला आणि निघाली गाठ, तर ऑपरेशनची संधीच हातची जाऊ शकते.

सुरुवात सोनोग्राफीने होते. पित्ताची मुख्य नळी साधारण 6 मिलिमीटरपर्यंत रुंद असते. खाली काही अडकलं की वरचा भाग फुगतो आणि सोनोग्राफीत तो लगेच कळतो. पण नळीचं खालचं टोक आतड्याच्या मागे असतं आणि आतड्यातला गॅस आवाजाच्या लहरी अडवतो. त्यामुळे "नळी फुगली आहे, कारण स्पष्ट नाही" असा रिपोर्ट येतो. मग डॉक्टर पुढची तपासणी लिहून देतात आणि नातेवाईक म्हणतात, पैसे काढायचे धंदे! तसं नसतं हो, त्या मशीनची मर्यादाच तेवढी आहे.

एमआरसीपी म्हणजे पोटाचा डार्क मोड

आता खरी गंमत. एमआरआय मशीन शरीरातल्या हायड्रोजनकडून रेडिओ सिग्नल घेतं. एमआरसीपीमध्ये हा सिग्नल मुद्दाम थोडा उशिरा वाचतात. तेवढ्यात लिव्हर आणि स्नायूंचा सिग्नल विरून जातो, वाहत्या रक्ताचाही राहत नाही. एका जागी थांबलेल्या पाण्याचा मात्र टिकतो. पित्त म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे काळ्या पडद्यावर पित्तनलिकांचं पांढरंशुभ्र झाड उमटतं. त्यासाठी एक्स-रे लागत नाही, इंजेक्शनचीही गरज नसते. ही पद्धत 1991 पासून वापरात आली.

या चित्रात गाठ स्वतः चमकत नाही, तिच्यामुळे पांढरी रेषा मध्येच तुटलेली दिसते. खडा असेल तर पांढऱ्या पित्तात गोल काळा ठिपका दिसतो. गाठ असेल तर नळी एकदम निमुळती होते किंवा कापल्यासारखी थांबते. लिव्हरच्या उजव्या-डाव्या नळ्या जिथे एकत्र येतात, तिथल्या गाठीला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात. जेराल्ड क्लॅटस्किन या अमेरिकन डॉक्टरांनी 1965 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. तिच्यात वरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या फुगतात, खालची मात्र नेहमीसारखीच असते.

जाता जाता एक भारी गोष्ट: काही ठिकाणी स्कॅनआधी अननसाचा रस पाजतात! त्यातल्या मँगनीजमुळे जठरातल्या पाण्याचा सिग्नल दबतो आणि नळ्या स्वच्छ दिसतात.

मग सीटी का?

गाठीने शेजारच्या रक्तवाहिन्यांना किती वेढलंय, हे सीटीत समजतं. ऑपरेशन होईल की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं. औषध शिरेत सोडून वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात. या गाठीत तंतू जास्त असल्यामुळे औषध तिच्यात हळूहळू मुरतं, म्हणून काही मिनिटांनी काढलेल्या फोटोत ती जास्त उठून दिसते.

क्रम महत्त्वाचा आहे. ईआरसीपीमध्ये तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवतात, म्हणजे पित्त वाहू लागतं. पण स्टेंट बसला की फुगलेल्या नळ्या आक्रसतात आणि गाठ कुठपर्यंत पसरलीय ते नीट कळत नाही. म्हणून पेशंटची तब्येत तेवढा वेळ देत असेल तर स्कॅन आधी, स्टेंट नंतर. "स्टेंटच्या आधी एमआरसीपी होणार का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि फक्त फोटोवरून कॅन्सर पक्का होत नाही. आयजीजी4 नावाच्या आजारात सुजेमुळेही नळी अशीच अरुंद दिसते. ईआरसीपीत ब्रशने पेशी काढून तपासतात, पण त्यातही कधीकधी गाठ निसटते आणि पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय? मग फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ती आणखी दाबतं. सेंटरमधून डायकॉम फाइल्सची सीडी किंवा लिंक मागा. त्यात सगळे स्लाइस असतात आणि डॉक्टर ते एकेक करून पुढे-मागे सरकवत बघू शकतात.