सायलेन्सर कुठला घ्यायचा, राव?

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये असा एक तरी महाभाग असतोच. बुलेट घेतली की आठवड्याच्या आत तिचा सायलेन्सर बदलणारा! त्याने स्टार्टर दाबला की तिसऱ्या मजल्यावरचा कॉन्फरन्स कॉल थांबतो. त्याच्याकडे नंतर येऊच. सध्या माझ्यापुढे जरा वेगळी केस आहे. इंजिन एक, सिलेंडर एक आणि सायलेन्सर दोन. येझदी रोडकिंग!

गाडी काकांची, मुक्काम बेलापूर. नवी मुंबईचं सीबीडी नव्हे हं... प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं बेलापूर. (गंमत म्हणजे श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्टेशनचं नावही बेलापूरच आहे. पाहुण्यांचा गोंधळ ठरलेला.) काकांनी ही फटफटी १९८६ मध्ये घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७३ मध्ये जावाचं नाव येझदी केलं, १९७८ मध्ये रोडकिंग आणली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या इंजिनासह परत आलं खरं, पण टू-स्ट्रोकची ती फट फट फट काही परत आली नाही. म्हणून तर काकांची ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा आमचा आटापिटा.

बाकी सगळं झालं. अडलं ते सायलेन्सरवर. उजवा खालून गंजून चाळणी झालेला, डावा अजून ठणठणीत.

पहिली आयडिया धाकट्या चुलतभावाची. साहेब सध्या अमेरिकन मसल कारचे व्हिडिओ बघतात. "दादा, नाहीतरी नवं करायचंच आहे ना? मग दोन्ही पाइप मध्ये जोडून एक्स-पाइप करून टाकू!"

ऐकायला झकास वाटतं. पण मसल कारमध्ये ती जोडणी का असते, ते बघा. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओसारख्या गाडीत व्ही-एट इंजिन, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलेंडर. प्रत्येक बाजूचा पाइप वेगळा. पण धुराचे धक्के समान अंतराने येत नाहीत. कधी एकाच बाजूला लागोपाठ दोन येतात, मग तिथे थोडा वेळ शांतता. मध्ये आडवी नळी टाकली की एका बाजूचा दाब दुसरीकडे वाटला जातो. हा झाला एच-पाइप. आवाज खर्जातला, भरदार. एक्स-पाइपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळूनच पुढे जातात. आवाज चढ्या पट्टीतला, गुळगुळीत, आणि इंजिन जोरात फिरवलं तर ताकदीतही थोडा फायदा. रोज गावात हळूहळू फिरवायची जुनी गाडी असेल तर मी तरी एच-पाइपच घेईन. तो कुठे बसवायचा याची एक जुनी देशी वाटावी अशी युक्ती आहे. पाइपला साधा रंग फासायचा, गाडी फिरवून आणायची आणि रंग जिथपर्यंत जळला असेल तिथे नळी जोडायची!

आता येझदी. सिलेंडर एकच, त्याला बाहेर जायची दारं दोन. दोन्ही पाइपांत एकच धक्का एकाच क्षणी शिरतो. मग वाटून घ्यायचं काय? नळी जोडून फक्त वजन वाढणार आणि वेल्डिंगचं बिल. चुलतभाऊ हिरमुसला, पण पटलं त्याला.

दुसरी आयडिया मिस्त्रींची. "जाळी काढून टाका. मोकळी करा. गाडी वाघासारखी गुरगुरेल!"

खरा धोका इथे आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्याच्या आतल्या आकारावर आदळून दाबाची लाट उलटी फिरते आणि जळायच्या आधीच बाहेर पळू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. जाळी काढली की हे गणित बिघडतं. कमी वेगातली ओढ जाते, पेट्रोल वाया जातं. आणि कमी वेगातली ओढ हीच तर इथली गरज! गळीत हंगामात श्रीरामपूरच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे कधी अडकलायत? तिथे गुरगुरणं नाही, सेकंड गिअरमध्ये न कुरकुरता चालणं लागतं.

शिवाय कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनिप्रदूषणासाठी पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं. पार्किंगमधल्या त्या महाभागाला हे वाचून दाखवा. (सांगितलं होतं ना, येऊ म्हणून!)

तिसरा पर्याय, फक्त उजवा नवा घ्या. स्वस्त, पण माझा विरोध. डाव्यात इतक्या वर्षांचा कार्बन, उजवा कोरा... दोन बाजूंचा अडथळा सारखा राहणार कसा? तुमच्याकडे अशी गाडी असेल तर इंजिन सुरू ठेवून दोन्ही टोकांमागे थोड्या अंतरावर तळहात धरा. फुंकर सारखी लागली पाहिजे. एकीकडे कमी वाटली तर ती बाजू तुंबलीय.

शेवटी जुन्या मापाची नवी जोडीच घ्यायची ठरली. दुकानात चकचकीत क्रोमकडे बघू नका. हातात घेऊन वजन बघा, पातळ पत्रा लवकर सडतो. जाळी बाहेर काढून जुन्या जाळीशेजारी ठेवा. लांबी, भोकं, जाडी, सगळं ताडून पाहा. आम्ही पाहिलेल्या पहिल्या जोडीत तर डाव्या-उजव्याच्या जाळ्याच एकमेकींशी जुळत नव्हत्या! दुसरी घेतली. बेंड पाइपचा नट मिस्त्री छिन्नी-हातोडीने ठोकू लागले तर थांबवा. त्याचा वेगळा पाना मिळतो, आणि सिलेंडरचे आटे गेले तर सायलेन्सरपेक्षा मोठं काम निघतं.

गाडी सुरू झाली तेव्हा काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "थोडी हळू वाजते रे." मग स्वतःच श्रीरामपूरला चक्कर मारून आले आणि घाईघाईने पाना मागितला, नट गरम झाल्यावर पुन्हा आवळायचा असतो म्हणून. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो. तेव्हा लोणी, संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला जायचा बेत आहे, काका पुढे, मी मागे. जुना डावा सायलेन्सर मात्र त्यांनी भंगारात देऊ दिलेला नाही. पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.