भाकरीच्या तुकड्यात दहावीची उजळणी

सोलापूरची कडक भाकरी सावकाश चावून बघा. थोड्या वेळाने ती गोडसर लागते. लाळेतले टायलिन हे विकर ज्वारीतल्या पिष्टमय पदार्थाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करते, त्याचीच ही चव. जीवरसायनशास्त्राचा पहिला धडा इथेच झाला!

पुढे आतड्यात ग्लुकोज तयार होते, रक्तावाटे पेशीत जाते. पेशीद्रव्यात एका ग्लुकोजचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात; ही ग्लायकोलिसिस, हिला ऑक्सिजन लागत नाही. पुढचे क्रेब चक्र मात्र तंतुकणिकेत. परीक्षेत मुले नेमकी ही दोन ठिकाणे उलटसुलट लिहितात, म्हणून आकृती काढूनच पाठ करा.

ज्वारीत सुमारे 10 टक्के प्रथिनेही असतात. त्यांची अमिनो आम्ले सुटी होतात आणि पेशीतले रायबोझोम त्यांतून नवी प्रथिने गुंफतात. रोगजंतूंना नेमके ओळखून चिकटणारी प्रतिद्रव्ये हीसुद्धा प्रथिनेच. लस याच ओळखीची आगाऊ तयारी करून घेते. मुंबईत प्लेगची साथ असताना जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

आज जेवताना हा सगळा प्रवास आईला मोठ्याने सांगा. जिथे अडखळाल, तेवढेच पान पुन्हा वाचा.