अळीला जाहिरात वाचता येत नाही

मृगाच्या आधी वर्ध्यातल्या कोणत्याही कृषी केंद्रात उभे राहावे आणि भिंतीवरची चित्रे पाहावीत. बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, हसरा शेतकरी आणि शेजारी नवी कोरी मोटारसायकल! एकदा मामांबरोबर बियाणे घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने असेच एक देखणे पाकीट पुढे केले. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "पाकीट त लय चांगलं आहे बाप्पा, पण अळीले वाचता येते का?"

सारे दुकान हसले. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत सोडीना.

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. सुरुवातीला तिचा गुण आला, हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवे. पण गुण सांगणे वेगळे आणि चमत्कार विकणे वेगळे. २०११ साली महिको मोन्सँटोच्या जाहिरातीत दावा होता, की 'बोलगार्ड'मुळे कापूस उत्पादकांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक वाढले. तक्रार झाली आणि भारतीय जाहिरात मानक परिषदेने हा दावा सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला.

अळीने तर त्याआधीच निकाल दिला होता. पहिल्या बोलगार्डला गुजरातेतली गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० साली कंपनीलाच कबूल करावे लागले. मग दोन जनुकांचे दुसरे बोलगार्डही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे फोडून पाहावीत, तर आत अळी!

वास्तविक, यंत्र किंवा तंत्र कसे पारखावे याचा धडा आपल्या हाती केव्हाचाच आहे. पुढे १९३६ साली सेवाग्रामी येऊन राहिलेल्या गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी मोठ्या नामी होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, झोपडीतल्या बाईला फारसे न थकता चालवता यावा, वीस वर्षे टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. चरखा संघाने नवे यंत्र नाकारले नव्हते. आपल्या अटी तेवढ्या सोडल्या नव्हत्या.

आपण नेमके उलटे करतो. मोबाइल असो, पाण्याचे यंत्र असो की बियाणे, अटी कंपनी घालते, त्याही बारीक अक्षरांत. आणि आपण मान डोलावतो. शंका काढणारा मागासलेला ठरतो.

मामांनी त्या दिवशी एकच पाकीट घेतले. "एका एकरात लावून पाहू," म्हणाले. बाकीच्या रानात ओळखीचे वाण. पक्के बिल मागून घेतले. पेरणी झाल्यावर रिकामे पाकीट, त्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बी ट्रंकेत ठेवले.

"कापूस घरी येईस्तोवर राहू दे," ते म्हणाले, "मंग पाहू, चित्र खरं का बोंड खरं."